समुद्र उकळणार नाही; पण ते पाच अंश मोजणार कुठे?

साखरी नाटे परिसरातल्या एका शिक्षिकेने विचारलं आहे: "जैतापूर प्रकल्पाबद्दल घरात दोन तट पडलेत. वडील मासेमारी करतात. ते म्हणतात, गरम पाण्याने समुद्राचा सत्यानाश होणार आणि एक दिवस इथे फुकुशिमा होणार. भाऊ अभियंता आहे. तो म्हणतो, या सगळ्या अफवा आहेत, काहीही होत नाही. मुलं वर्गात मला विचारतात. मी काय सांगू?"

ताई, मी एकतीस वर्षं किनाऱ्यावरच्या अणुऊर्जा केंद्रांभोवती पाणी, गाळ, मासे, दूध आणि गवत गोळा करून त्यातला किरणोत्सार मोजण्याचं काम केलं. त्या अनुभवावरून सांगतो, वडिलांची काळजी खरी आहे, पण त्यांचं बोट चुकीच्या जागी आहे. भावाचं शास्त्र बरोबर आहे, पण "काहीही होत नाही" हे शास्त्राचं वाक्य नव्हे. मुलांना मात्र नीट सांगता येण्यासारखं बरंच काही आहे.

गरम पाण्यापासून सुरुवात करतो, कारण रोजच्या रोज होणारा परिणाम तोच आहे. जैतापूरजवळच्या माडबनच्या सड्यावर, म्हणजे किनाऱ्यालगतच्या खडकाळ पठारावर, प्रत्येकी 1650 मेगावॅटच्या सहा ईपीआर (फ्रेंच बनावटीच्या) अणुभट्ट्या, एकूण 9900 मेगावॅट, अशी योजना आहे. दिवसाला 52,000 दशलक्ष लिटर, म्हणजे 5200 कोटी लिटर समुद्राचं पाणी आत घेऊन वाफ थंड करायची आणि ते पाणी पुन्हा समुद्रात सोडायचं. हा आकडा डोळ्यांसमोर येत नाही, म्हणून कोयनेशी ताडून बघा. कोयना धरण काठोकाठ भरलं की 105 टीएमसी पाणी मावतं. तेवढं पाणी या केंद्रातून साधारण 57 दिवसांत आत जाऊन बाहेर येईल.

आता हिशोब करू. तुमच्या नववी-दहावीच्या मुलांनाही तो जमेल. एक ईपीआर भट्टी सुमारे 4500 मेगावॅट उष्णता तयार करते आणि त्यातली 1650 मेगावॅटच्या आसपास विजेत जाते. उरलेली साधारण 2900 मेगावॅट समुद्राला द्यावी लागते. सहा भट्ट्यांची मिळून 17,400 मेगावॅट झाली. पाण्याचा प्रवाह सेकंदाला 600 घनमीटर. एक घनमीटर समुद्रपाणी एका अंशाने तापवायला सुमारे 4.1 मेगाज्यूल लागतात. भागाकार केला की उत्तर येतं सुमारे 7 अंश सेल्सियस.

प्रकल्पाच्या चर्चेत मात्र 5 अंशांचा आकडा सांगितला जातो. माझा हिशोब ढोबळ आहे, पण दोन अंशांची चूक होण्याइतका ढोबळ नाही. एवढी उष्णता 5 अंशांतच बसवायची असेल तर पाणी दिवसाला जवळपास 7300 कोटी लिटर लागेल. तेवढं घ्यायचं नसेल, तर 5 अंश हा आकडा पाइपच्या तोंडाशी मोजलेला नाही. सोडलेलं पाणी आजूबाजूच्या पाण्यात काही अंतर मिसळल्यावरचा तो आकडा आहे. दोन्ही पद्धती वापरात आहेत आणि त्यात लबाडी आहे असं मी म्हणत नाही. पण "5 अंश" म्हणजे तोंडाशी 5 अंश, की शंभर मीटरवर, की पाचशे मीटरवर? पृष्ठभागावर की तळाशी? भरतीला की ओहोटीला? हे ठरवल्याशिवाय त्या आकड्याला काही अर्थ नाही. सभांमध्ये "समुद्र मरणार" आणि "समुद्राला काही होणार नाही" अशा घोषणा ऐकून माझे कान किटले. हा साधा प्रश्न विचारणारे फार थोडे भेटले.

समुद्र उकळणार नाही, हे वडिलांना निःशंक सांगा. गरम पाणी हलकं असतं. ते वर पसरतं, लाटांत मिसळतं, हवेला उष्णता देतं आणि काही किलोमीटरांत फरक ओळखू येईनासा होतो. तारापूरला 1969 पासून आणि तामिळनाडूतल्या कल्पाक्कमला 1980 च्या दशकापासून समुद्राचं पाणी असंच वापरलं जातंय. कल्पाक्कमच्या समुद्रावर तर याचा अनेक वर्षं अभ्यास झाला आहे. पाणी सोडण्याच्या जागेजवळच्या वाळूतल्या जीवांवर परिणाम दिसला आणि अंतर वाढलं तसा तो कमी होत गेला. पण या दाखल्याला मर्यादा आहे. कल्पाक्कमच्या दोन भट्ट्या प्रत्येकी 220 मेगावॅटच्या आहेत. जैतापूरची योजना त्यांच्या वीसपटीहून मोठी. छोट्या केंद्राचा दाखला देऊन मोठ्याची हमी देता येत नाही, आणि हे अधिकाऱ्यांच्या तोंडावर मी अनेकदा बोललो आहे.

दुसरं म्हणजे आपला समुद्र मुळातच उबदार आहे. मे महिन्यात कोकणच्या किनाऱ्याला पृष्ठभागावरचं पाणी 30 अंशांच्या आसपास असतं. थंड देशातल्या समुद्रात 12 अंशांचं पाणी 17 झालं तर बहुतेक जीव निभावतात. उष्ण कटिबंधातले जीव आधीच आपल्या सोसण्याच्या वरच्या टोकाजवळ जगत असतात. पोहणारा बांगडा किंवा सुरमई बाजूला निघून जाईल. तिसऱ्यांसारखे शिंपले आणि कालवं कुठे जाणार? म्हणून ती वेचायला खाडीच्या तोंडाशी ओहोटीला टोपली घेऊन बसणाऱ्या बायांची चिंता मला ट्रॉलरवाल्यांपेक्षा जास्त रास्त वाटते. आणि बैठकीला बोलावतात मात्र बोटमालकांना.

तिसरी गोष्ट फारशी बोलली जात नाही. ती आत जाणाऱ्या पाण्याची. पाण्याबरोबर माशांची अंडी, बोटाच्या पेराएवढी पिल्लं, कोळंबीच्या अळ्या आणि प्लवक आत ओढले जातात. मोठे मासे जाळ्यांना अडकतात आणि बारीक जीव पंप, उष्णता व क्लोरीन यांच्या तडाख्यात सापडतात. क्लोरीन यासाठी सोडावा लागतो की नाहीतर नळांच्या आत शिंपले वसाहत करतात. कल्पाक्कमच्या बोगद्यातल्या हिरव्या शिंपल्यांनी तिथल्या अभियंत्यांना अनेक वर्षं दमवलं आहे. पाणी आत घेण्याचा वेग किती ठेवायचा, मुख किती खोलीवर ठेवायचं, पिल्लांच्या हंगामात काय करायचं, हे आराखड्यात ठरतं. एकदा काँक्रीट ओतलं की हातात काही उरत नाही. जैतापूरला बांधकाम अजून सुरू झालेलं नाही. विचारायची वेळ ही आहे.

हाच विषय सुरक्षिततेलाही येऊन भिडतो. जेलीफिशचे थवे पाण्याच्या मुखात अडकून मोठमोठी केंद्रं बंद पडली आहेत. 2013 मध्ये स्वीडनचं ओस्कर्शाम बंद पडलं, ऑगस्ट 2025 मध्ये फ्रान्सच्या ग्राव्हलिनमधल्या चार भट्ट्या. त्यातून किरणोत्सार बाहेर आला नाही, यंत्रणेने काम केलं. पण किनाऱ्यावरच्या केंद्राची नस कुठे आहे ते यातून कळतं. ती समुद्राच्या पाण्यात आणि पाणी खेचणाऱ्या विजेत आहे.

आता फुकुशिमा. अणुभट्टी बंद केली तरी इंधन तापतच राहतं. बंद होताक्षणी मूळ उष्णतेच्या सहा-सात टक्के, एका दिवसानंतर अर्ध्या टक्क्याच्या आसपास. ईपीआरच्या बाबतीत अर्धा टक्का म्हणजेही वीस-पंचवीस मेगावॅट. ती काढत राहायला पंप हवेत आणि पंपांना वीज. 11 मार्च 2011 ला फुकुशिमात भूकंपाने बाहेरची वीज गेली आणि डिझेल जनित्रं ठरल्याप्रमाणे सुरू झाली. पाऊण-एक तासात सुमारे 14-15 मीटरची लाट 10 मीटरवरच्या जमिनीवर चढली आणि तळघरातली जनित्रं व विजेचे फलक बुडाले. तिथे त्सुनामी 5.7 मीटरची धरली होती. त्याच किनाऱ्यावर, भूकंपाच्या केंद्राला आणखी जवळ, ओनागावाचं केंद्र आहे. तिथे यानोसुके हिराई नावाच्या अभियंत्याने अनेक वर्षांपूर्वी हट्टाने जमिनीची पातळी 14.8 मीटर ठेवायला लावली होती. सुमारे 13 मीटरची लाट आली, केंद्र वाचलं आणि आसपासच्या घरदार गमावलेल्या लोकांनी त्याच आवारात आसरा घेतला. दोन्हीकडे भूकंप तोच आणि समुद्र तोच होता. उंची ठरवणाऱ्या माणसांच्या निर्णयात फरक होता.

आपल्याकडची उदाहरणंही मुलांना सांगा. 26 डिसेंबर 2004 ला कल्पाक्कमला त्सुनामी आली. बोगद्यातून पंपगृहात पाणी चढलं, मुख्य पंप बंद पडले आणि चालकांनी सुरू असलेली भट्टी सुरक्षितपणे थांबवली. वसाहतीतली माणसं मात्र लाटेत गेली. 31 मार्च 1993 ला उत्तर प्रदेशातल्या नरोरा अणुकेंद्रात, तिथे तर समुद्रही नाही, टर्बाइनचं पातं तुटून आग लागली आणि एकाच मार्गाने नेलेल्या केबल जळाल्या. केंद्र सुमारे 17 तास विजेविना राहिलं. आग विझवायच्या डिझेल पंपांनी पाणी देऊन भट्टी थंड ठेवली. त्या रात्रीच्या पाळीतल्या माणसांबद्दल मला अपार आदर आहे. पण राखीव केबल मूळ केबलच्या शेजारून नेल्या तर त्यांना राखीव म्हणता येत नाही, हे आपण तेव्हा शिकलो. जपानकडून शिकायला 2011 पर्यंत थांबायची गरज नव्हती.

माडबनचा सडा समुद्रसपाटीपासून सुमारे 25 मीटर उंच आहे आणि ही मोठी जमेची बाजू आहे. अरबी समुद्रात मोठी त्सुनामी उठवू शकणारा पट्टा म्हणजे पाकिस्तान-इराणचा मकरान किनारा. 28 नोव्हेंबर 1945 ला तिथे 8.1 तीव्रतेचा भूकंप झाला आणि मुंबईपर्यंत लाट येऊन माणसं दगावली. माडबनपासून तो पट्टा हजार किलोमीटरहून दूर आहे. लाट येईल तर काही तासांची पूर्वसूचना मिळेल. ईपीआरमध्ये सुरक्षा-यंत्रणेचे चार स्वतंत्र संच वेगवेगळ्या इमारतींत असतात. कवच दुहेरी असतं, आणि इंधन वितळलंच तर ते झेलून पसरवायला खाली खास जागा असते. फुकुशिमात यातलं काही नव्हतं. म्हणून "इथे फुकुशिमा होणार" हे वाक्य मी मान्य करत नाही.

पण सडा 25 मीटरवर असला तरी पंपगृह समुद्रालगतच लागणार. ते गेलं तर भट्ट्यांना थंड पाणी कुठून आणि किती दिवस मिळेल? सड्यावर गोड्या पाण्याचा साठा किती? भट्ट्यांच्या पायाची अंतिम पातळी किती ठेवणार? फ्रान्सच्या ब्लाये केंद्रात 27 डिसेंबर 1999 च्या वादळात बांध ओलांडून पाणी शिरलं आणि खालच्या खोल्यांतले काही सुरक्षा-पंप निकामी झाले. ते केंद्र ईडीएफ या फ्रेंच कंपनीचं, आणि जैतापूरसाठी भट्ट्या देऊ करणारी कंपनीही तीच. त्यांनी त्या रात्रीनंतर बरंच सुधारलं. ते नेमकं काय सुधारलं आणि ते इथे कसं बसवणार, हे त्यांनाच विचारायला हवं.

भूकंपाबद्दल माझं मत थोडं कडक आहे. हा भाग भूकंपाच्या नकाशावर बरीच वर्षं झोन 3 मध्ये दाखवला जातो आणि तेवढ्यावर काही जण निर्धास्त होतात. किल्लारी तर त्या वेळच्या नकाशात सर्वांत सुरक्षित झोनमध्ये होती, आणि 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे काय झालं ते महाराष्ट्र विसरलेला नाही. कोयना, जिथे 11 डिसेंबर 1967 ला मोठा धक्का बसला, माडबनपासून सरळ रेषेत शंभरेक किलोमीटरवर आहे. रॉजर बिल्हॅम आणि विनोद गौर या भूकंपशास्त्रज्ञांनी 2011 मध्ये जैतापूरबद्दल लिहिलं, की 6 च्या आसपासचा धक्का थेट परिसरात बसण्याची शक्यता कमी असली तरी ती शून्य धरू नये. अणुभट्टीचा आराखडा झोनच्या नकाशावर होतच नाही. त्या जागेचा स्वतंत्र अभ्यास करून जमिनीला किती हादरा बसू शकतो ते ठरवतात. तो आकडा आणि त्यामागचा अभ्यास बाहेरच्या तज्ज्ञांना तपासायला मिळायला हवा. गोपनीयतेचं कारण इथे मला पटत नाही. खडकाचं काय गुपित असणार?

किरणोत्साराबद्दल लोक सर्वांत जास्त घाबरतात. माझं आयुष्य त्यातच गेलं, तरी इथे थोडक्यात सांगतो, कारण सुरळीत चालणाऱ्या केंद्राच्या बाबतीत त्याचं प्रमाण खरोखर लहान आहे. निसर्गातून जगात सरासरी माणसाला वर्षाला 2.4 मिलिसिव्हर्ट (किरणोत्साराची मात्रा मोजायचं एकक) मात्रा मिळते. केंद्रामुळे जनतेला मिळणाऱ्या मात्रेची मर्यादा वर्षाला 1 मिलिसिव्हर्ट आहे आणि प्रत्यक्षात ती त्याच्या लहानशा अंशाइतकी असते. माशांत आणि शिंपल्यांत पोलोनियम-210 निसर्गतःच असतं. आम्ही मोजत होतो त्या नमुन्यांत केंद्रातून आलेल्या सीझियमपेक्षा खाणाऱ्याला त्याचीच मात्रा जास्त मिळायची. देवगड-राजापूरच्या हापूसला चालू केंद्रामुळे किरणोत्साराचा धोका नाही, हे मी ठामपणे सांगतो. तारापूरपासून पंचवीस-तीस किलोमीटरवर घोलवडचा चिकू आजही पिकतो आणि विकला जातो.

तरीही मोजणं थांबवायचं नसतं. आम्ही बोकडाच्या गळ्यातली थायरॉइड ग्रंथी तपासायचो. गवतावर किरणोत्सारी आयोडीन-131 पडलं तर ते खाणाऱ्या बोकडाच्या या ग्रंथीत आधी साठतं. खाटकाकडून ती ग्रंथी मागून आणणं हे आमच्या कामाचा भाग होतं. भरवसा येतो तो अशा खटपटीतून.

माझी एक चूक सांगतो, कारण तुमच्या प्रश्नाशी तिचा संबंध आहे. नोकरीच्या सुरुवातीच्या काळात मी एका खाडीकाठी दर महिन्याला ठरल्या जागेवरून पाणी आणि शिंपले घ्यायचो. आमची होडी यायला सोपं जावं म्हणून नेहमी भरतीची वेळ असायची. दोनेक वर्षांनी तिथल्या एका म्हाताऱ्या बाईने विचारलं, "तुम्ही पाणी भरलेलं असताना येता, आम्ही पाणी उतरल्यावर येतो. मग तुमचं मोजमाप आमच्या उपयोगाचं कसं?" मी निरुत्तर झालो. पुढच्या महिन्यापासून ओहोटीचे नमुने घ्यायला लागलो. धोका सापडला नाही, पण पाण्याचं तापमान भरतीपेक्षा वेगळं निघालं, आणि मागच्या दोन वर्षांचे ओहोटीचे आकडे कायमचे हुकले. ते आता कुठून आणणार?

म्हणूनच मला वाटतं, जैतापूरच्या वादात एक गोष्ट हातातून निसटते आहे. 28 नोव्हेंबर 2010 ला पर्यावरण मंत्रालयाने 35 अटी घालून मंजुरी दिली. एप्रिल 2011 मध्ये नाटे गावात आंदोलनावर गोळीबार झाला आणि एक तरुण गेला. त्यानंतर बाजू इतक्या घट्ट झाल्या की आजचा समुद्र कसा आहे हे नोंदवण्यात कुणाला रस उरला नाही. उद्या केंद्र झालं आणि मासळी घटली, तर एक बाजू म्हणेल प्रकल्पामुळे, दुसरी म्हणेल हवामानबदलामुळे, तिसरी पर्ससीनच्या मोठ्या जाळ्यांकडे बोट दाखवेल. आधीची नोंद नसेल तर तिघांपैकी कुणालाच खोडता येणार नाही आणि नुकसानभरपाई मागणाऱ्या मच्छीमाराच्या हातात कागद नसेल. प्रकल्पाच्या बाजूने मोजमाप होतं, त्या प्रयोगशाळांतली माणसं प्रामाणिक आहेत, मी त्यांच्यातलाच. पण मोजणारा, चालवणारा आणि तपासणारा एकाच छत्राखाली असू नयेत. अणुऊर्जा नियामक मंडळाच्या स्वायत्ततेवर 2012 मध्ये कॅगनेही बोट ठेवलं होतं.

आणीबाणीच्या योजनेबद्दलही वडिलांनी आणि भावाने एकत्र बसून विचारावं. केंद्राबाहेरच्या आणीबाणीची जबाबदारी जिल्हाधिकाऱ्यांकडे असते आणि नियोजनाची कक्षा 16 किलोमीटर धरतात. माडबनपासून खाडीपलीकडचं विजयदुर्ग याच कक्षेत येतं, आणि विजयदुर्ग सिंधुदुर्ग जिल्ह्यात आहे. म्हणजे दोन जिल्हाधिकारी, मधे दोन खाड्या, एकेरी रस्ते आणि जुलैतला पाऊस. थायरॉइड वाचवणाऱ्या आयोडीनच्या गोळ्या वेळेवर घेतल्या तरच उपयोगी पडतात. त्या नाटे गावच्या आरोग्य केंद्रात ठेवणार की रत्नागिरीच्या गोदामात? समुद्रात गेलेल्या होड्यांना निरोप कसा पोहोचणार? रंगीत तालीम पावसाळ्यात, रात्री, ओहोटीला घेऊन दाखवा, अशी मागणी ग्रामसभेने करावी. उन्हाळ्यातल्या दुपारी घेतलेली तालीम मी मोजत नाही. आणखी एक, केंद्राभोवती सुरक्षेसाठी होड्यांना बंदी असलेला पट्टा येतो. काही कुटुंबांसाठी गरम पाण्याआधी तोच पोटावर येईल. त्याची रुंदी लेखी मागून घ्या.

शेवटी तुमच्या वर्गासाठी. एक चांगला थर्मामीटर, दोरी बांधलेली बादली आणि एक जाड वही घ्या. मुसाकाजीचा धक्का, आंबोळगडचा किनारा आणि खाडीचं तोंड अशा तीन जागा ठरवा. दर रविवारी एकदा भरतीला, एकदा ओहोटीला पाणी काढून सावलीत दोन मिनिटं थर्मामीटर बुडवा. तारीख, वेळ, तिथी, तापमान, वारा आणि त्या दिवशी बाजारात कोणती मासळी किती आली, एवढं लिहा. तिथी विसरू नका, भरती-ओहोटी तिच्यावर चालते. जागा बदलू नका. पावसाळ्यात मुलांना खडकावर पाठवू नका, धक्क्यावरूनच काढा. वर्ष संपलं की त्या वहीची प्रत ग्रामपंचायतीत आणि रत्नागिरीच्या मत्स्य महाविद्यालयात द्या. थर्मामीटर बर्फाच्या पाण्यात शून्य दाखवतो का, हे दर महिन्याला तपासायचं आणि तेही वहीत लिहायचं.